बिनसमुद्राचे चाचे

खान्देशी माणसाचा समुद्राशी संबंध साधारणपणे शाळेच्या सहलीपुरता. आमच्याकडे पाणी म्हणजे तापी, गिरणा आणि पांझरा. त्यातही पांझरेला पाणी असलं तर. त्यामुळे चाचे, फुटलेली गलबतं, किनाऱ्यावरच्या गुहेत दडवलेली दारूची पिंपं असल्या गोष्टींना लहानपणी आमच्या डोक्यात जागाच नव्हती. ती सगळी जागा दरोडेखोरांनी अडवलेली होती.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या दंतकथा वाचायला घेतल्या तेव्हा म्हणूनच आधी हेवा वाटला, आणि मग हळूहळू ओळख पटत गेली. तिकडे प्रत्येक खाडीला एक तस्कर, प्रत्येक तस्कराला एक भुयार आणि प्रत्येक भुयाराचं दुसरं तोंड चर्चमध्ये नाहीतर दारूच्या गुत्त्यात. वादळी रात्री किनाऱ्यावरची मंडळी कंदील घेऊन खडकांवर उभी राहत म्हणे. खलाशांना वाटे बंदर आलं, जहाज खडकावर आदळे, आणि सकाळी गावात घरोघर नवं कापड. इतिहासकारांना या खोट्या दिव्यांचा भक्कम पुरावा काही सापडत नाही. गावकऱ्यांना त्याची फिकीर नाही, कारण त्यांच्या पणजोबांनी ते पाहिलेलं असतं. आपल्याकडेही रानात दिवा दिसतो, माणूस त्याच्या मागे जातो आणि रात्रभर एकाच बांधाला फेऱ्या मारून पहाटे घामाघूम होऊन घरी येतो. फरक इतकाच, की आमच्या चकव्याला मालात रस नसतो. त्याला नुसती माणसाची फजिती पाहायची असते.

तिकडची एक गोष्ट मात्र दंतकथा नव्हे, वॉल्टर स्कॉटने टिपून ठेवलेली आहे. १८१४ साली तो रॉबर्ट स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरबरोबर बोटीने उत्तरेकडे गेला होता. ऑर्कनीतल्या सँडे बेटावरच्या एका माणसाच्या होडीचं शीड अगदीच जुनेर दिसलं, म्हणून स्टीव्हन्सनने तसं बोलून दाखवलं. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला की, देवाच्या मनात असतं आणि तुम्ही इकडे एवढी दीपगृहं बांधली नसती, तर मागच्या हिवाळ्यातच नवी शिडं मिळाली असती. हा माणूस मला थेट शिरपूर तालुक्यातला वाटला. याच स्टीव्हन्सनच्या नातवाने पुढे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिलं. आजोबांनी दिवे लावले, नातवाने चाचे.

आता खान्देशाला समुद्र नाही हे खरं, पण तो फार लांबही नव्हता. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि मोगलांच्या काळात सुरत म्हणजे हिंदुस्थानचा दरवाजा. बऱ्हाणपूरचं कापड बैलांच्या पाठीवरून, गाड्यांतून आमच्याच मुलखातून सुरतेला जाई. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याच वाटेने नंदुरबार, चोपडा करत बऱ्हाणपूरला गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए गेला आणि नवापूरकडच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असं लिहून गेला. हिऱ्यांच्या व्यापाऱ्याला आमचा तांदूळ आठवावा, यात मला अजून गुदगुल्या होतात.

या वाटेवर माल दोनदा लुटला जाण्याची उत्तम सोय होती. एकदा जमिनीवर, घाटात किंवा नदीच्या उतारावर, आणि तिथून सुटलाच तर पुढे पाण्यावर. १६९५ साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटलं, आणि त्यापायी सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेत बसावं लागलं. पुढे तीनच वर्षांनी कॅप्टन किड या स्कॉटिश माणसाने मलबारच्या समुद्रात एक मोठं जहाज पकडलं आणि १७०१ मध्ये तो लंडनला फासावर गेला. त्याच्या खजिन्यासाठी अमेरिकेच्या किनाऱ्यावर लोक अजून खणतात. म्हणजे तापीच्या मुखाशी चाचे आणि तिच्या वरच्या अंगाला वाटमारे. मधल्या मधे व्यापारी. तो बिचारा दोन्हीकडच्या लोककथांत कंजूष आणि ढेरपोट्याच असतो.

आमच्या वाटमाऱ्यांची गोष्ट मात्र किनाऱ्यावरच्यांपेक्षा गुंतागुंतीची आहे. सातपुडा, सह्याद्री आणि अजिंठ्याचे डोंगर यांनी खान्देश तिन्ही बाजूंनी घेरलेला. बाहेर पडायचं तर घाट उतरायचा नाहीतर चढायचा. आणि घाट म्हटला की त्याचा नाईक आला. भिल्ल नाईकांचा घाटातून जाणाऱ्या मालावर ठरलेला हक्क असे. हक्क मिळाला की तोच नाईक माल सुखरूप पलीकडे पोचवी. हक्क बुडवला की तोच नाईक तो माल उतरवून घेई. त्यामुळे रखवालदार आणि दरोडेखोर ही दोन वेगळी माणसं आहेत, असा समज बाहेरून येणाऱ्यांचाच. घाटात दोघांचा पत्ता एक होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकर-शिंद्यांची भांडणं, १८०३ चा दुष्काळ आणि पाठोपाठ पेंढारी, अशा तिहेरी माराने मुलूख उजाड झाला. गावं ओस पडली, हक्क द्यायला कोणी उरलं नाही आणि नाईक डोंगरात गेले. १८१८ साली इंग्रज आले तेव्हा त्यांना खान्देश मिळाला तो असा. त्यांनी आधी पलटणी धाडून पाहिल्या. पलटणी हिवतापाने आडव्या झाल्या. मग १८२५ मध्ये एका तरुण लेफ्टनंटला धरणगावला पाठवलं, भिल्लांचीच एक तुकडी उभी कर म्हणून. त्याचं नाव जेम्स औट्रम.

या औट्रमपाशी मी बराच रेंगाळलो, त्याला कारण आहे. जन्म त्याचा इंग्लंडमधला, १८०३ चा. पण वडील लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला राहायला आली. औट्रम तिकडेच वाढला, उडनी नावाच्या गावच्या शाळेत शिकला. उडनीपासून काही मैलांवर समुद्र, आणि तिथे कॉलिस्टन नावाचं कोळ्यांचं गाव. हे गाव तस्करीसाठी पंचक्रोशीत मशहूर. १७९८ च्या डिसेंबरात तिथला फिलिप केनेडी नावाचा तस्कर रात्री पिंपं वाहून नेत असताना अबकारीवाल्यांशी गाठ पडली, आणि अधिकाऱ्याने तलवारीने त्याचं डोकं फोडलं. गावकरी सांगतात, केनेडी तशाच अवस्थेत चालत एका घरापर्यंत गेला आणि मरताना म्हणाला की सगळेच माझ्याइतके इमानी असते तर माल वाचला असता. स्लेन्सच्या दफनभूमीत त्याची शिळा अजून आहे. ही गोष्ट शाळकरी औट्रमच्या कानावर गेली नसेल, असं मानायला माझं मन तयार नाही. पुरावा मागू नका. दंतकथांवरच बोलणं चाललंय.

कारण पुढे धरणगावला येऊन त्याने जे केलं, ते तस्करांच्या गावाशेजारी वाढलेल्या माणसालाच सुचावं. त्याने कैद केलेल्या भिल्लांपासूनच सुरुवात केली. त्यांना सोडलं, त्यांच्या पाड्यांवर गेला, त्यांच्याबरोबर जेवला, रात्री त्यांच्या पहाऱ्यात झोपला आणि दिवसा त्यांच्याबरोबर वाघ मारत हिंडला. खान्देशातल्या दहा वर्षांत त्याच्या खात्यावर दोनशेच्या आसपास वाघ लागले. वाघांमध्ये लोककथा सांगायची पद्धत असती, तर खान्देशातला सर्वांत भयंकर दरोडेखोर म्हणून त्यांनी औट्रमचंच नाव घेतलं असतं. पण भिल्लांची ती तुकडी, भिल्ल कोअर, उभी राहिली. ज्यांना पकडायला सरकार पलटणी धाडत होतं, ते धरणगावला कवायत करू लागले. यात औट्रमची हुशारी होतीच. पण मला वाटतं, त्याच्याहून जास्त शहाणपण भिल्लांनी दाखवलं. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून एवढंच होतं की आमचा हक्क द्या, आम्ही रस्ता राखतो. इंग्रजांनी हेच पगाराच्या नावाखाली मान्य केलं आणि त्याला सुधारणा म्हटलं.

चाळीसगावहून कन्नडला चढणारा घाट अजून औट्रमच्या नावाने ओळखला जातो. ट्रकच्या मागे ट्रक अडकून तिथे माणसं रात्र रात्र काढत आली आहेत. अशा वेळी गाडीतून उतरून, हातात चहाचा कागदी कप घेऊन, वाटमाऱ्यांचा बंदोबस्त करणाऱ्या साहेबाच्या घाटात आपली वाट कुणी अडवली आहे याचा विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो.

दुसरा मोठा घाट सेंधव्याचा. मुंबई-आग्रा रस्ता शिरपूर ओलांडून सातपुड्यात शिरतो तो तिथे. या घाटाची राखण खाज्या नाईकाकडे होती, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाकडे. नोकरी इंग्रज सरकारची. एका आरोपीच्या मृत्यूवरून सरकारने त्याला कामावरून काढलं, तुरुंगात घातलं, आणि गरज पडली तसं पुन्हा कामावर घेतलं. १८५७ मध्ये उत्तरेत उठाव झाला तेव्हा नाईकाने हिशेब केला. ज्या घाटातून सरकारचा खजिना तो सुखरूप पोचवत आला होता, त्याच घाटात त्याने सात लाखांचा खजिना अडवला. रस्ता त्याच्याइतका कुणाला माहीत असणार? ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला लढाई झाली. बायकाही लढल्या. पकडलेल्या भिल्लांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. इथे विनोद करायला जागा नाही. खाज्या नाईकालाही पुढे १८६० मध्ये दग्याने मारलं. सरकारी कागदांत तो लुटारू आहे आणि सातपुड्याच्या पाड्यांवर नाईक आहे. पाड्यांवरचा हिशेब मला जास्त चोख वाटतो.

आणि हा रस्ता राखायचा तो कशासाठी, हे तर पाहण्यासारखं आहे. १८३० नंतर माळव्याची अफू कंपनीचा पास काढून, कर भरून, इंदूरहून मुंबईला जाऊ लागली. ती उतरायची याच आग्रा रोडने, धुळ्यावरून. पेट्यांवर शिक्के, हातात पास, सोबत पहारा, सगळं कसं कायदेशीर. मुंबईत ती जहाजावर चढली की मात्र बेकायदा व्हायची, कारण चीनमध्ये अफूला बंदी होती. तिथे ती चोरून उतरवणाऱ्या पेढ्यांत सगळ्यांत बडी पेढी जार्डीन आणि मॅथेसन यांची. दोघेही स्कॉटलंडचे. मॅथेसनने त्या पैशातून पुढे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं लुईस बेट जवळजवळ सगळंच विकत घेतलं आणि सरदारकीही मिळवली. म्हणजे पाहा, कॉलिस्टनच्या केनेडीने दारूची काही पिंपं चोरून आणली, त्याचं डोकं फुटलं. मॅथेसनने जहाजांची जहाजं अफू चोरून उतरवली, त्याला ‘सर’ म्हणू लागले. आणि मधे आमचा सेंधव्याच्या चौकीवरचा भिल्ल, तुटपुंज्या पगारात रात्रभर जागून, जगातली सर्वांत मोठी तस्करी चोरांपासून सांभाळत बसलेला. एखाद्या रात्री त्याला हसू आलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

मिठाचं प्रकरण याहून विनोदी. मुंबई इलाख्यात मिठावरचा कर कमी, उत्तरेत जबर. इकडचं स्वस्त मीठ तिकडे जाऊ नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या आरपार जकातीची रेघ ओढली, सिंधूपासून महानदीपर्यंत, सुमारे २,३०० मैल. पहाऱ्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं. आणि ही रेघ कागदावरच राहिली नाही; बाभूळ, बोर, निवडुंग, शेर लावून तिचं जिवंत काटेरी कुंपण केलं. हे कुंपण येत येत आमच्या रावेरच्या शेजारी बऱ्हाणपूरपर्यंत आलं होतं. बकरी शिरू नये म्हणून शेताला कुंपण घालतात तसं मीठ शिरू नये म्हणून देशाला. लोक काय करायचे? रात्री पोती पलीकडे फेकायचे. कुंपण राखायचं आणि वाढवायचं काम काही वर्षं ज्या कमिशनरकडे होतं त्याचं नाव ॲलन ह्यूम. त्याच ह्यूमने पुढाकार घेऊन १८८५ मध्ये काँग्रेस उभी केली, आणि त्याच काँग्रेसने १९३० मध्ये मिठासाठी सत्याग्रह केला. कुंपण १८७९ मध्येच मोडीत निघालं होतं. आता शोधायला गेलात तर बाभळी भरपूर दिसतात, पण त्यातली सरकारी कोणती हे सांगता येत नाही.

खान्देशातल्या लुटीच्या कथांचा खरा कारखाना मात्र घाटात नाही, गावात आहे. तो म्हणजे गढी. मधोमध उंचवट्यावर पांढऱ्या मातीची, बुरूज ढासळलेली, वर चिल्हारीचं रान माजलेली. पेंढारी आले की गाव गढीत शिरे. शिरण्याआधी जे नेता येत नसे ते पुरून टाकी. पुरणाऱ्यांतले सगळेच परत आले नाहीत, आणि तिथून गोष्ट सुरू झाली. पहिला जोराचा पाऊस पडून गेला की आम्ही पोरं गढीच्या पायथ्याशी माती निरखत हिंडायचो. पाण्याने धुपलेल्या मातीतून कधी खापराचा तुकडा निघे, कधी काचेच्या बांगडीचा, आणि क्वचित हिरवा पडलेला ढब्बू पैसा. तो चिंचेने घासून लख्ख केला की दिवसभर पोरांत भाव चढे.

पैसे वरच एवढे सापडतात तर खाली हंडे असणारच, हा तर्क बिनतोड होता. शिवाय ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांची साक्ष होती. अमावास्येला गढीतून साखळदंड ओढल्यासारखा आवाज येतो, म्हणजे हंडा जागा बदलतो. त्याच्यावर नाग असतो, मिशा असलेला. मिशा असलेला नाग कुणी पाहिला, असं विचारलं की एक आजोबा हमखास म्हणत, “मना आजानी देखेल शे.” आजोबांचा आजोबा हा आमच्याकडे सर्वोच्च न्यायालय. त्याच्या पुढे अपील नाही.

जमिनीतलं धन पायाळू माणसाला दिसतं, असंही सगळे मानत. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. आमच्या गल्लीत एक पायाळू आजी होत्या. त्यांच्या डोळ्यांत कुणी कुणी काजळही घातलं होतं म्हणे, नजर खोल जावी म्हणून. आजींना धन कधी दिसलं नाही. मात्र हरवलेल्या वस्तू, चुकलेली जनावरं आणि सुनांनी डब्यामागे लपवलेले पैसे त्यांना अचूक दिसत. लोक त्यांना फार मानत आणि सुना फार भीत.

ही गंमत काही ठिकाणी गंमत राहत नाही. गुप्तधन काढून देतो म्हणून भोंदू येतात, पूजा मांडतात, घरादाराला नागवतात आणि कधी कधी माणसाच्या जिवावर उठतात. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात हा प्रकार गुन्हा ठरवला आहे. ओट्यावरचे म्हातारे या भोंदूंपेक्षा कितीतरी शहाणे. गढी खोदायचा विषय निघाला की ते म्हणायचे, “धन शे, पन ते आपलं नही.” गढी लोकांनी खोदली, नाही असं नाही, पण पांढऱ्या मातीसाठी. ती धाब्यावर पसरली की पावसाळ्यात घर गळत नाही. पेंढाऱ्यांपासून वाचवणारी भिंत अशी पावसापासून वाचवण्याच्या कामी आली. हंडा मात्र निघाला नाही. निघाला असेल तर ज्याला सापडला तो बोलला नाही, आणि गावात ज्याच्याकडे अचानक नवी विहीर झाली त्याच्याविषयी लोक अजून बोलतात.

पण लुटारूला देव करायचं म्हटलं की खान्देशाच्या जिभेवर एकच नाव, तंट्या भिल्ल. माणूस निमाडचा, खंडव्याकडचा. पण त्याचा वावर होळकरांच्या मुलखात, मध्य प्रांतात आणि आमच्या सातपुड्यात सारखाच. हद्द ओलांडली की एका सरकारचे पोलीस थांबत आणि दुसऱ्या सरकारचे पत्रव्यवहार सुरू करत. एवढ्या वेळात तंट्या तिसऱ्या मुलखात पोचलेला असे. सावकाराचं घर फोडायचा, वह्या जाळायचा, धान्य वाटायचा. लोक त्याला मामा म्हणत. न्हावी बनून तो त्याला पकडायला आलेल्या फौजदाराची दाढी करायला बसला आणि नाक कापून पसार झाला, ही गोष्ट तर प्रत्येकाने आपापल्या तालुक्यात घडवून घेतली आहे. एकाच फौजदाराचं नाक इतक्या गावांत कसं कापलं गेलं, हा प्रश्न विचारणाऱ्याकडे लोक दयेने पाहतात.

तंट्याला धरलं ते १८८९ मध्ये, आणि तेही बहीण मानलेल्या बाईच्या घरी. तिच्या नवऱ्याने, गणपतने, दगा दिला. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटलं. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी झाली. महूजवळ पातालपाणीला त्याचं ठाणं आहे. त्या घाटातून जाणाऱ्या गाड्या तिथे थांबून त्याला मान देत. इंजिन ड्रायव्हर हा सरकारी नोकर. सरकारने फाशी दिलेल्या माणसापुढे सरकारी गाडी थांबायची आणि तिला कुणी मेमो देत नसे, याहून मोठं माफीपत्र मला माहीत नाही.

लुटारूला मामा करण्याची आमच्याकडे एक अट आहे. लुटा, पण वाटा. आणि ज्याला लुटलं तो आपल्यातला नको. याच अटीत आमच्या शेजारची शेवटची मोठी लूट चपखल बसते. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ लुटला गेला. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम होती. लुटणारे होते साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, आणि आपले डॉ. उत्तमराव पाटील व त्यांचे खान्देशी सोबती. इंग्रजांच्या दफ्तरी हा सशस्त्र दरोडा. आमच्याकडे त्याची अभिमानाने आठवण काढतात. त्या पैशातून कुणाचा बंगला झाल्याचं ऐकिवात नाही, आणि लोक हेच आधी सांगतात, मग लुटीची हकिकत.

नाहीतर आज लुटीची काय कमी आहे? गिरणेच्या पात्रात रात्री उभे राहा. डंपर, ट्रॅक्टर, जेसीबी, दिवे बंद करून रांगेत. तहसीलदारांची गाडी निघाली की कुठल्याशा पानटपरीवरून मोबाइलवर ‘लोकेशन’ पडतं आणि पात्र पाच मिनिटांत रिकामं होतं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर याच कामासाठी बायका खिडकीत दिवा ठेवत. तिकडे नवापूरला रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एकाच बाकावर एका टोकाला बसलेला माणूस परवाना दाखवून सुटेल आणि तीच बाटली दुसऱ्या टोकाला सरकवली तर गुजरातची दारूबंदी लागू. आग्रा रोडने बंदीतला गुटखा कांद्याच्या गोण्यांखालून येतो. माल बदलला, घाट तेच आहेत.

पण वाळूच्या डंपरवर कुणी गाणं रचलेलं नाही, रचणारही नाही. डंपरवाल्याकडे गाडी आहे, गॉगल आहे, वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत. मामा म्हणणारं मात्र कुणी नाही, पगारी माणसं सोडून. कारण तो ज्यांना लुटतो ते आपल्यातलेच. नदी गावाची, वाळू उपसली की खाली जातं ते गावाच्या विहिरीचं पाणी. वाटणी होते, पण ती वरच्या वर. सावकाराची वही जाळणाऱ्या तंट्याच्या शेजारी याला बसवायचं म्हटलं तर ओट्यावरचे म्हातारे उठून जातील.

तेव्हा ज्यांना खजिन्याचा नाद सुटतच नाही त्यांनी आपली गढीच बघावी. त्यासाठीही कायदा आहे, १८७८ चा, गुप्तधनाचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद. कुणी धनी पुढे आला नाही आणि जमीन दुसऱ्याची असली, तर चारातले तीन हिस्से ज्याला सापडलं त्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. सरकारला हवं असेल तर किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेतं. भिल्ल नाईकाचा हक्क याच्याहून सोपा होता, पण असो. अर्ज दोन प्रतींत करा, आणि एका प्रतीवर आवक-जावकचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका.